पाठवणीच्या चालीतला उतार

वैशाख शुद्ध तृतीया, आखाजीचा दिवस, सकाळ. नऊ माणसांच्या बॅण्डचे पंचावन्न रुपये ठरले, पैकी पंधरा इसार म्हणून तिथेच दिले. हजर: तू, मी, आमची ही आणि तुझा कार्नेटवाला शब्बीर. काम आमच्या कुसुमच्या लग्नाचं, वर दापोऱ्याचा, वरात आणि दुसऱ्या दिवशीची पाठवणी दोन्ही धरून. एकच बाब उघडी राहिली, पाठवणीला कोणती चाल वाजवायची. "ते मागून ठरवू," असं तू म्हणालास आणि मी हो म्हटलं.

नारायण, हे असं मांडून सुरुवात करतो आहे, कारण दुसरी कोणती सुरुवात जमत नाही. आखाजीनंतर नऊ दिवसांनी, द्वादशीला, लग्न होतं. दशमीला पहाटे तू गेलास. काल तुझं तेरावं झालं, मी पंगतीत बसलो, जेवलोही. तरी आज सकाळी गिरणीत जाताना शनवाऱ्याच्या कोपऱ्यावर तुझ्या खोलीच्या खिडकीकडे मान गेली, आणि खिडकी बंद दिसली तेव्हा मनात आलं, अजून उठला नाही वाटतं.

त्या दिवशी शब्बीर गिरणीच्या ऑफिसात आला. मी पगाराची बेरीज घेत होतो. टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "भाऊसाब, मास्टर नहीं रहे." मी विचारलं, कोणता मास्तर? खरंच विचारलं. आमच्या ऑफिसात शाळामास्तरांचे दोन भाऊ कामाला आहेत, माझं मन त्यांच्याकडे गेलं. शब्बीरनं तुझं नाव सांगितलं. मी म्हटलं, "अरे, काल तर माझ्यासमोर बसला होता." जणू काल समोर बसलेल्या माणसाला आज जाता येत नाही. मग मी ती बेरीज पूर्ण केली. का केली ते सांगता येणार नाही. ती बरोबर आली होती.

तापीवर तुला नेलं तेव्हा तुझी माणसं वाजवायला तयार होती. तुझ्या घरून गोदावहिनींनी नको म्हणून निरोप पाठवला. पन्नाशीही न ओलांडलेल्या माणसाला वाजतगाजत नेत नाहीत आपल्याकडे. आठ जण हातात काही नसलेले मागे चालत होते आणि त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ढोलवाला भिका सारखा खांदा वर करत होता, पट्टा सरकल्यासारखा.

बहादरपुरात आपण एका बाकावर शिकलो. तू अठराव्या वर्षी पळून गेलास आणि माळव्यातल्या त्या लहानशा संस्थानाच्या बॅण्डात लागलास. पुढे तू सुट्टीला यायचास तेव्हा कोटाला पितळेची बटणं असायची. संस्थान विलीन झालं तेव्हा ती बटणं मोजून परत घेतली, वाद्यं परत घेतली, आणि बॅण्डातल्या सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं. तुझी क्लॅरिनेट तेवढी तुझ्या स्वतःच्या पैशांची होती म्हणून राहिली. तिच्यासोबत तू आणखी दोन वस्तू आणल्यास, एक भोंग्याचा ग्रामोफोन आणि एक काळी तबकडी. तबकडीवर एका विलायती गाण्याचं नाव होतं. गाणं खरं अमेरिकेतलं, तिकडे नाचघरांतून नवनवे बॅण्ड निघाले त्या काळातलं, असं पुढे कळलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. बुऱ्हाणपुरात ते त्या नावानं कोणाला माहीतच नाही. इथे त्याला ‘मास्तरची पाठवणी’ म्हणतात.

त्या गाण्याची हकीकत तू मला इतक्या वेळा सांगितलीस की ती मी तुझ्याच क्रमानं सांगू शकतो. तरुण राजेसाहेब विलायतेला गेले, येताना ती तबकडी घेऊन आले. वर्ष-दोन वर्षांत ते वारले. राणीसाहेबांनी त्यांच्या वस्तू वाटून टाकल्या, तेव्हा तबकडी आणि जुनं यंत्र बॅण्डच्या खोलीत आलं. हुकूम असा की राजेसाहेबांच्या पुण्यतिथीला हीच चाल वाजली पाहिजे. तुमचा बॅण्डमास्तर गोव्याचा, कानाचा पक्का. यंत्राला चावी देऊन त्यानं ती चाल ऐकून उतरवली आणि तुम्हाला शिकवली, जशी ऐकली तशी. संथ, जड, आणि शेवटाला सूर दमत दमत खाली येतो, ढोल एकेक ठोका गिळत जातो, मग सगळं थांबतं. थोडा वेळ काहीच नाही. मग पहिल्यापासून ताज्या दमानं चाल पुन्हा सुरू.

तो शेवट तुझ्या वाट्याला आला होता. कार्नेटला सूर असा घसरवता येत नाही, तिथे बोटाखाली एकेक कळ असते. क्लॅरिनेटला ओठ सैल सोडत नेले की सूर जिन्यावरून न उतरता घसरगुंडीवरून येतो. एक अख्खा पावसाळा तू तेवढ्याचसाठी घालवलास. बॅण्डमास्तर म्हणायचा, विलायतेचे लोक दुःख असं वाजवतात. पहिल्या पुण्यतिथीला राणीसाहेबांनी चिकाच्या पडद्याआडून निरोप पाठवला होता, "अशीच वाजवत जा."

इथे येऊन तू बॅण्डपार्टी उभी केलीस. पहिल्याच हंगामात इतवाऱ्यातल्या कोणाच्या तरी पाठवणीला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तू ती चाल काढलीस. सूर खाली आला, बॅण्ड थांबला, आणि त्या शांततेत आईनं पोरीचा हात सोडला. चाल पुन्हा सुरू झाली तशी गाडी हलली. त्यानंतर ते तसंच होत राहिलं. कोणी ठरवलं नव्हतं. आता बाया पोरीच्या आईला सांगतात, घाई करू नको, उतार येऊ दे, मग सोड. गावात दुसऱ्या पार्ट्या आहेत, तुझ्यापेक्षा स्वस्त आहेत, पण पाठवणीला लोक तुलाच बोलवायचे. एका उतारासाठी.

फाल्गुनात मी भुसावळला साडूकडे गेलो आणि तिथे हे सगळं बिघडलं. तो रेल्वेत गार्ड आहे. रेल्वेच्या साहेब लोकांचा काही कार्यक्रम होता, मला घेऊन गेला. नव्या विजेच्या यंत्रावर तबकड्या लावल्या होत्या, जोडपी नाचत होती. एक गाणं लागलं आणि माझा सरबताचा पेला तोंडापाशीच राहिला. आपलीच चाल, पण धावत होती. उड्या मारत होती. शेवटाला उतार तर नाहीच, उलट सगळी वाद्यं मिळून वर चढली आणि एकदम संपली. मी उठून तबकडीवरचं नाव वाचलं. तुझ्या तबकडीवरच्या अक्षराला अक्षर जुळत होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला शब्दांचा अर्थ विचारला. तो म्हणाला, एक पोरगी सांगते आहे की नाच अजून रंगायचा आहे, मला इतक्यात घरी पाठवू नका.

मी बुऱ्हाणपूर येईपर्यंत गाडीत विचार केला आणि उत्तर मिळालं. तुमच्या यंत्राची स्प्रिंग मेलेली होती. तबकडी फिरता फिरता दमायची. बॅण्डमास्तर उठून चावी द्यायचा तेवढी ती शांतता. बिघडलेल्या यंत्राची नक्कल तुम्ही वीस-बावीस वर्षं इमानानं वाजवत होता.

मी तुला हे त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. तू हसलास.

"त्र्यंबू, तुले गान्यातलं काय कळते?"

"गाण्यातलं नाही कळत. यंत्रातलं कळते."

"भुसावळचं मशीन फास्ट असंल. माह्यं बरोबर असंल."

"एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर फेरे पाहिजेत. मोजून पाहू."

"राणीसाहेबांनी तर खरी ऐकलेली होती ना? राजेसाहेब असताना? मंग त्या काहून म्हनल्या, अशीच वाजवा?"

"राणीसाहेब काय सांगतील, तुमची चूक झाली म्हणून?"

 मग कुसुमचं ठरलं आणि वाद आपल्या दोघांपुरता राहिला नाही. मी तुला स्पष्ट म्हटलं, माझ्या दारात बाकी काहीही वाजव, ही नको. माझी पोरगी बिघडलेल्या यंत्रावर सासरी जाणार नाही. आणि गाणं तर कसलं, घरी पाठवू नका म्हणणारं.

आखाजीला तुम्ही ओसरीवर बसला होता तेव्हा हा विषय निघणार हे माहीत असून हिनं मुद्दाम गोडाची, दराब्याची, ताटली तुझ्यापुढे आधी ठेवली. म्हणाली, "भाऊजी, यायचं बोलनं मनावर घेऊ नका. हे भुसावळले एक गानं ऐकून आले. मी या गल्लीतून जानाऱ्या पोरी पाह्यल्या आहेत."

मी म्हटलं, "पोरी जातात त्या गाण्यानं नाही जात."

"पन आईचा हात सुटते तो उतारानंच सुटते. मले विचारा ना, उद्या सोडायचा मलेच आहे."

तू दराबा खात नव्हतास. बोटानं ताटलीच्या कडेला ढकलत होतास. मग म्हणालास ते मला शब्दाला शब्द आठवतं. "त्र्यंबू, तुह्या दारी नाही वाजली तर लोक विचारतीन. मास्तरच्या जिगरी दोस्तानंच काहून नाकारली? काय सांगू त्यायले? मशीन खराब होतं? हंगाम जाईन, तो जाऊ दे. पन ज्या पोरी माह्या उतारावर गेल्या, त्यायचं काय? त्या रडल्या ते बी खराब मशीनचं का?"

  शब्बीर मध्ये पडला, "मास्टर, पैले तारीख पक्की करो, रोना बाद में," आणि आपण हसलो. मागून ठरवू म्हणालो.

नवमीला सकाळी मी तुझ्या खोलीवर आलो, मागून म्हणजे कधी ते विचारायला. तू यंत्र काढूनच बसला होतास. "मोज बाबा एकदाचं," म्हणालास. मी तबकडीखाली कागदाचा कपटा असा सरकवला की कड बाहेर राहील, हातात घड्याळ धरलं, आणि कपटा किती वेळा समोरून जातो ते मोजलं. पहिल्या मिनिटाला अठ्ठावन्न. शेवटाकडे चाळीसही भरत नव्हते. तू माझ्याशेजारी उकिडवा बसून तोंडातल्या तोंडात मोजत होतास. आकडा मी सांगितला नाही, तूच बोललास.

मग तू एक गोष्ट केलीस जी मला सुचली नसती. सुई परत पहिल्यापासून ठेवलीस आणि चावी सोडलीच नाहीस. हातानं फिरवतच राहिलास, गाणं वाजत असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्प्रिंगला दमूच दिलं नाहीस. आणि गाणं उठून पळायला लागलं. भुसावळसारखं नीट नाही, हाताच्या चावीनं थोडं हेलकावत, पण तेच. तुझ्या कपाळावर घाम आला होता. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो, कारण मला वाटलं आता तू कबूल करशील.

तू म्हणालास, "अरे, ही तर पोरगी आहे."

मला कळलं नाही.

"गानारी. मी आजवर हिले बाई समजत होतो. मोठी, दोन-चार लेकरं झालेली बाई. ही तर आपल्या कुसुमएवढी आहे रे."

गाणं संपलं तरी तू चावी फिरवत होतास. मी तुझा हात धरून थांबवला. तुझा हात गरम होता, हे मला आठवतं, आणि तू डावा खांदा चोळलास, ते चावी फिरवल्यामुळे असेल असं मी धरलं. जाताना मी विचारलं, "मग पाठवणीचं काय?"

"उद्या सांगतो," तू म्हणालास.

संध्याकाळी तालमीलाही तू असंच केलंस, शब्बीर सांगतो. क्लॅरिनेट जोडलीस, ओठाला लावली नाहीस. पोरांकडून चाल वाजवून घेतलीस, जुनीच, उताराशिवाय. ऐकलीस. शब्बीरनं विचारलं, शादी में कैसे बजाना है, तर त्यालाही तेच उत्तर, कल बताता हूँ. मी त्याला दोन वेळा खोदून विचारलं, चेहऱ्यावरून काय वाटलं? हसत होता की रागात होता? तो म्हणतो, सुनते थे, बस. गोदावहिनींना तू काही बोलला असशील म्हणून मी त्यांच्याकडेही शब्द टाकला. जेवताना मूग गिळून होते, म्हणाल्या. म्हणजे तू ठरवलं होतंस की नव्हतंस, आणि ठरवलं असेल तर काय, हे आता कोणाकडे नाही. मला तुझ्या जाण्याचा जितका धक्का आहे तितकाच याचाही आहे, आणि हे लिहायला बरं वाटत नाही. पण एवढं साधं उत्तर, दोन शब्दांचं, ते रात्रीतून कुठे गेलं?

लग्न पुढे ढकलता येत नव्हतं. तू भावासारखा, पण सुतक लागणारा भाऊ नव्हेस. दापोऱ्याची मंडळी येऊन थांबली होती. आम्ही दोघांनी ठरवलं की कुसुमला पाठवणीपर्यंत सांगायचं नाही. हळद लागलेल्या पोरीला असली बातमी आपल्याकडे कोणी देत नाही. तिनं दर तासाला विचारलं. काकांना ताप आला आहे, असं हिनं सांगितलं. मला ते जमलं नसतं म्हणून मी मांडवातच राहिलो, आचाऱ्यापाशी.

वरात शब्बीरनं निभावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलांची दमणी जुंपून उभी होती. शब्बीर माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊसाब, कौनसी?"

मला हवी ती चाल सांगायची मोकळीक होती. तू नव्हतास आणि विरोध करणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "तीच." नारायण, हे तुझ्यासाठी मन विरघळलं म्हणून नव्हे. चाल चुकीचीच आहे. पण उघडी राहिलेली बाब, समोरचा माणूस हजर नसताना, मी माझ्या बाजूनं मिटवायची, हे मला पटलं नाही.

"उतार कौन लेगा?" शब्बीर म्हणाला.

"जमंल तसं."

त्यांनी वाजवली. तुझ्यावाचून ती पोकळ वाटत होती, घरातलं जड कपाट हलवल्यावर खोली वाटते तशी. हिनं कुसुमचा हात दोन्ही हातांत धरला होता. दोघी दमणीच्या चाकापाशी उभ्या. शेवट आला. शब्बीरनं डोळे मिटून सूर ओढायचा प्रयत्न केला, तो थरथरला, एका ठिकाणी फाटला आणि तुटला. ढोलाचे ठोके आणखी दोन पडले. मग सगळे थांबले.

बाया थांबून राहिल्या. चाल संपली की चुकली हे कोणाला कळेना. सूर वरच राहिला होता, खाली आलाच नव्हता. ही माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या मुठी घट्ट होत्या. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. तुझी आठही माणसं जमिनीकडे पाहत होती.

कुसुमनं डोक्यावरचा पदर थोडा मागे केला आणि एकेकाकडे पाहिलं, शब्बीर, भिका, झांजवाला, सगळे. मोजल्यासारखं. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, काका गेले का?"

मी हो म्हटलं.

ती रडली नाही. हिच्या हातातून आपला हात तिनंच सोडवून घेतला, एकेक बोट सरळ करून, जसं लहानपणी हिच्या मुठीतून चिंच काढायची तसं. मग चढून दमणीत बसली. गाडीवाल्यानं बॅण्डकडे पाहिलं, सुरू होतो का म्हणून. बॅण्ड सुरू झाला नाही. मी हातानं त्याला जा म्हटलं. गाडी घुंगरांच्या आवाजात गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि दापोऱ्याकडे वळली. ही तिथेच हात पुढे धरून उभी राहिली.

बाकी चाळीस रुपये मी त्याच दुपारी शब्बीरच्या हाती दिले, आठ माणसांचे पाच-पाच. तो घेत नव्हता, "चाल पूरी नहीं हुई भाऊसाब." मी म्हटलं, "माझी पोरगी सासरी गेली, काम झालं." काल तेराव्याला गोदावहिनींनी पदराच्या गाठीतून इसाराचे पंधरा काढून माझ्यापुढे ठेवले, यायच्या हातून काम झालं नाही म्हणून. मी ते त्यांच्याकडेच परत सरकवले. पंधरा मास्तरचे, गोदावहिनींना पावले.